राजीनामा मागितला तर: आयटीतल्या नोकरदारासाठी पेरोलच्या टेबलावरून

निमंत्रण बहुतेक वेळा त्याच सकाळी येतं. विषयाच्या जागी 'कॅच-अप' एवढंच असतं. बोलावलेल्यांत तुमचा मॅनेजर असतो आणि जिचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही अशी एचआरची एक व्यक्ती असते. दहा मिनिटांत सांगितलं जातं की प्रोजेक्ट संपलाय, तुमच्या स्किलला दुसरीकडे जागा नाही, तेव्हा आजच पोर्टलवर राजीनामा टाका. टाकलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल आणि दोन महिन्यांचा पगारही देऊ. नाही टाकलात तर टर्मिनेशन करावं लागेल आणि पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अडचण येईल.

मी पेरोलचं काम करते. आधी एका मोठ्या कंपनीत होते, आता पुण्यातल्या काही लहान-मध्यम कंपन्यांचे पगार, पीएफ आणि एफ अँड एफ, म्हणजे नोकरी सुटल्यावरचा शेवटचा हिशेब, बाहेरून सांभाळते. माणूस कंपनीतून गेला की त्याची फाइल शेवटी माझ्यासारखीच्या टेबलावर येते. सॉफ्टवेअरमध्ये 'जाण्याचं कारण' असा एक रकाना असतो आणि त्यात यादीतून निवड करायची असते: राजीनामा, टर्मिनेशन, निवृत्ती, मृत्यू, गैरहजर. छाटणीच्या महिन्यात एकाच प्रोजेक्टची माणसं ओळीने येतात आणि प्रत्येकापुढे 'राजीनामा' निवडलेलं असतं. एकाच आठवड्यात, एकाच टीममधल्या सगळ्यांना स्वखुशीने नोकरी सोडावीशी वाटली, असं ती फाइल सांगते. यावर माझा विश्वास नाही, तुमचाही नसावा.

हे असं का चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी का आहे ते कळेल. कंपनीने तुम्हाला कमी केलं तर त्याला कायद्यात कपात म्हणतात. तिला नोटीस लागते, भरपाई लागते, सरकारला कळवावं लागतं. तुम्ही राजीनामा दिलात तर यातलं काहीच लागत नाही. कंपनीचे पैसे वाचतात. सरकारी दप्तरी छाटणीची नोंद होत नाही, त्यामुळे मंत्र्यांना सांगता येतं की आमच्या राज्यात आयटीत कपात नाही. गुंतवणूक परिषदेच्या मंडपात ते सोयीचंच असतं. ज्यांनी अंमल करायचा आणि ज्यांच्यावर अंमल व्हायचा, दोघांनाही तुमचा राजीनामा हवा असतो. सगळं तुमच्या एका क्लिकवर उभं आहे, म्हणून त्या क्लिकची इतकी घाई असते.

त्या खोलीत

एकच नियम पाळा: त्या दिवशी राजीनामा टाकायचा नाही. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, रडू आलं तर येऊ द्या, पण पोर्टल उघडायचं नाही. 'मला विचार करायला वेळ हवा, जे सांगताय ते मेलवर पाठवा' एवढं म्हणून उठा. मेलवर ते पाठवत नाहीत, हे तुम्हाला लगेच दिसेल. जी गोष्ट लिहून द्यायला माणूस तयार नसतो, ती तोंडी कबूल करायला तुम्ही का तयार व्हायचं?

एचआरमधली व्यक्ती चांगली असू शकते. मी अशा अनेकींबरोबर काम केलंय आणि त्यांतल्या काहींना त्या रात्री झोप लागत नाही हेही पाहिलंय. पण तिचा पगार कंपनी देते आणि त्या खोलीत ती कंपनीचं काम करायला बसलेली असते. 'आपण एक कुटुंब आहोत' हे वाक्य टाउनहॉलमध्ये ऐकायला ठीक आहे. घरातल्या माणसाला कोणी नोटीस पीरियडची रिकव्हरी लावत नाही.

बाहेर आल्यावर तासाभरात मेल करा. मॅनेजर आणि एचआर दोघांना, आणि बीसीसीमध्ये स्वतःचा खासगी पत्ता. मेल इंग्रजीत लिहाल, मजकूर एवढाच असू द्या: 'आज दुपारी तीन वाजता झालेल्या बैठकीत मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं. राजीनामा देण्याची माझी इच्छा नाही. मला सेवेतून कमी करायचं असल्यास त्याचं कारण आणि अटी लेखी कळवाव्यात. मी नेहमीप्रमाणे कामावर हजर आहे आणि राहणार आहे.' यात एकही विशेषण घालू नका. रागाची दोन पानं पुढे कोणी वाचत नाही. तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि काय मागितलं, एवढं वाचलं जातं.

शेवटचं वाक्य गाळू नका. पुढची धमकी 'ॲबस्कॉन्डिंग', म्हणजे न सांगता पळून गेलेला, असं दाखवण्याची असते. ॲक्सेस बंद केला, कार्ड चालेना, तरी दुसऱ्या दिवशी गेटवर जा आणि खासगी मेलवरून कळवा की आज सकाळी साडेनऊला आलो, कार्ड बंद आहे, काम द्यावं. घरून काम असेल तर लॉगिन होत नसल्याचा स्क्रीनशॉट जोडा. जो माणूस रोज काम मागतोय त्याला पळून गेलेला ठरवणं कठीण जातं.

दबावाखाली राजीनामा आधीच टाकून झाला असेल तर तो स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घ्या, कारणासकट, मेलवर, त्याच दिवशी. स्वीकारल्यानंतर तो दबावाखाली घेतला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ते अशक्य नसलं तरी कागद नसेल तर फार जड जातं.

कागद गोळा करताना

काय घ्यायचं: नियुक्तीपत्र, प्रत्येक पगारवाढीचं पत्र, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, सगळे फॉर्म १६, रजेच्या शिलकीचा स्क्रीनशॉट, गेल्या दोन-तीन वर्षांचे अप्रेझल, बोनस किंवा शेअरच्या योजनेचा करार, कंपनीच्या विम्याचं ई-कार्ड. पगारपावत्यांचं पोर्टल बऱ्याच ठिकाणी वेगळ्या कंपनीचं असतं आणि ऑफिसच्या लॉगिनवर चालतं. ॲक्सेस गेला की तेही जातं, म्हणून हे काम संकट यायच्या आधी, दर वर्षी एप्रिलमध्ये, करून ठेवायचं असतं.

काय घ्यायचं नाही: क्लायंटचा एकही कागद, एकही ओळ कोड, कोणाचीही संपर्कयादी. कंपनीच्या लॅपटॉपवरून खासगी मेलला मोठी फाइल पाठवली की सुरक्षा विभागाला अलर्ट जातो. छाटणीच्या प्रकरणाचं डेटा चोरीचं प्रकरण झालं की तुमची बाजू संपली. ज्यांना माणूस काढायचाच आहे ते असं कारण मिळायची वाट पाहत असतात. स्वतःचे कागद स्वतःच्या फोनवरून पोर्टल उघडून उतरवून घ्या.

याशिवाय घरच्या वहीत रोजच्या कामाचं टिपण ठेवा: आज कुठल्या प्रकारचा बग सोडवला, कोणता रिपोर्ट चालवला, कोणाच्या सांगण्यावरून. क्लायंटचं नाव नको, कामाचं स्वरूप हवं. याचा उपयोग थोडा पुढे सांगते.

हिशेब

लोक इथे सगळ्यात जास्त फसतात, म्हणून आकडे मांडून दाखवते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत गेले. त्यांत वेतनाची एक व्याख्या आहे: भत्ते कितीही फोडून दाखवले तरी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त जे भत्ते होतील, ते परत वेतनात धरले जातात. पूर्वी बेसिक तीस टक्के ठेवून ग्रॅच्युइटी वाचवायची रीत होती, तिला यामुळे चाप बसतो. तेव्हा आधी स्वतःचं या व्याख्येप्रमाणे येणारं वेतन काढा. उदाहरणापुरतं महिन्याला ६०,००० रुपये धरू आणि नोकरी ९ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे १० वर्षं.

ग्रॅच्युइटी: ६०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १०, म्हणजे साधारण ३,४६,१५० रुपये. ही तुम्ही राजीनामा द्या, काढले जा, काहीही होवो, पाच वर्षं झाली असतील तर मिळायलाच हवी, तीस दिवसांत. करारात सही करून ती सोडून देता येत नाही, कायदा करारापेक्षा वरचढ आहे. एचआरने देऊ केलेल्या 'पॅकेज'मध्ये ग्रॅच्युइटीचा आकडा मिळवून दाखवला असेल तर तो आधी वजा करा. तो तुमचाच पैसा आहे, त्यांनी दिलेला नाही.

कपातीची भरपाई: दर वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन, म्हणजे ३०,००० गुणिले १०, एकूण ३,००,००० रुपये. शिवाय महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात ६०,०००. तुमच्या करारात तीन महिन्यांची नोटीस दोन्ही बाजूंना लागू असेल तर तीन महिन्यांची मागा. नव्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीही आहे. कपात झालेल्या कामगाराच्या नावावर मालकाने १५ दिवसांचं वेतन भरायचं आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचं. आणखी ३०,००० झाले.

आता समोर काय ठेवलं होतं ते पाहा: दोन महिन्यांचं वेतन, १,२०,०००. आणि राजीनामा देऊन, कपात झाली असती तर कायद्याने मिळाले असते अशा ३,९०,००० रुपयांवर पाणी सोडायचं. करही वेगळा लागतो. कपातीच्या भरपाईवर कामगाराला पाच लाखांपर्यंत प्राप्तिकराची सूट आहे, राजीनाम्यासोबत कंपनीने आपणहून दिलेल्या रकमेवर, म्हणजे 'एक्स ग्रेशिया'वर, ती नाही, त्यातून टीडीएस कापूनच मी रक्कम पाठवते.

एफ अँड एफच्या पानावर डावीकडे मिळायच्या रकमा असतात, उजवीकडे कापायच्या. उजवी बाजू बोट ठेवून वाचा. नोटीस रिकव्हरी, म्हणजे नोटीसचा काळ पूर्ण न केल्याबद्दलची वसुली, दिसली तर विचारा की जायला तुम्हीच सांगितलंत, मग रिकव्हरी कसली. त्यावर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला तर तो सरळ चूक आहे. नोटीस पगाराच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. जॉइनिंग बोनसची वसुली असेल तर मूळ पत्रातली अट काढून वाचा. बऱ्याच पत्रांत ती 'स्वेच्छेने राजीनामा दिल्यास' अशी असते. तुम्ही पोर्टलवर स्वेच्छेचं बटण दाबलंत की ती वसुलीही आपोआप लागू होते, हे त्या खोलीत कोणी सांगत नाही. शेअरचे पर्याय मिळाले असतील तर ते वापरायची मुदत नोकरी सुटल्यापासून मोजतात आणि ती अनेकदा ९० दिवसांचीच असते. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. याहून जास्त कापला असेल तर तेही विचारा. रक्कम लहान असली तरी जिथे ही चूक सापडते तिथे मोठीही सापडते, हा माझा अनुभव आहे.

एफ अँड एफ ४५ दिवसांनी द्यायची आमच्या क्षेत्रातली जुनी पद्धत आहे. वेतन संहितेचं कलम १७ म्हणतं की कर्मचारी काढला, कमी केला किंवा त्याने राजीनामा दिला, तरी थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. हे कलम तुमच्या पदावर किंवा पगारावर अवलंबून नाही. मॅनेजरलाही लागू आहे. मेलमध्ये कलमाचा आकडा घालून मागा, पेरोलवाले वाचतात. पैसे आले नाहीत तर तीन वर्षांत दावा करता येतो आणि प्राधिकाऱ्याला थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई लावता येते.

तुम्ही कामगार आहात का

कपातीचं संरक्षण 'कामगारा'ला आहे आणि कंपनीचा वकील पहिलं वाक्य हेच बोलणार की हे साहेब मॅनेजर होते. आपल्याकडे पाच वर्षं झाली की कोणालाही लीड आणि आठ झाली की मॅनेजर म्हणतात, पगारापेक्षा पद स्वस्त पडतं. पण कायदा पद पाहत नाही, मुख्य काम काय होतं ते पाहतो. तांत्रिक, कुशल, कारकुनी काम करणारा कामगार, पगार कितीही असो. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा नाही. देखरेखीचं काम करणारा असेल तर नव्या संहितेत महिन्याला १८,००० रुपये पगाराची मर्यादा आहे, म्हणजे आयटीतला कुठलाही खरा सुपरवायझर बाहेर.

मग प्रश्न असे येतात: तुम्हाला कोणाला नोकरीवर घ्यायचा, काढायचा, रजा मंजूर करायचा, पगारवाढ ठरवायचा अधिकार होता का? की पाच जणांचं काम वाटून देऊन सहावं स्वतः करत होता? घरच्या वहीतलं टिपण इथे कामाला येतं.

चेन्नईतलं एक प्रकरण लक्षात ठेवा. २०१५ मध्ये टीसीएसने काढलेल्या एका अभियंत्याच्या बाबतीत कंपनीने म्हटलं की तो व्यवस्थापकीय पदावर होता, कामगार नव्हता. तिथल्या कामगार न्यायालयाने कामाचं स्वरूप पाहिलं आणि २०२२ मध्ये त्याला मागच्या पगारासह परत कामावर घ्यायचा आदेश दिला. या निकालाने दोन गोष्टी कळतात. पद मॅनेजरचं असूनही माणूस जिंकू शकतो. आणि जिंकायला सात वर्षं लागतात. सात वर्षांत मुलाची शाळा संपते, होमलोनचे हप्ते मात्र दर महिन्याला येतात. कंपन्यांना हे वेळापत्रक पाठ असतं आणि त्या त्यावरच विसंबून असतात. म्हणून मी प्रत्येकाला कोर्टात जा म्हणत नाही. कोर्टात जाऊ शकतो असा कागद हातात ठेवून वाटाघाटीला बसा, असं म्हणते. माझ्यासमोर ज्यांचे आकडे दुप्पट झाले त्यांतल्या बहुतेकांनी कधी वकीलपत्रही भरलं नाही. त्यांनी फक्त तो मेल लिहिला होता आणि हिशेब मांडला होता.

प्रशिक्षणार्थींची बाजू सगळ्यात कच्ची. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून, कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे ३०० हून जास्त मुलं अंतर्गत परीक्षेत नापास म्हणून गेली. पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाने कर्नाटकाला लक्ष घालायला सांगितलं. तुमचा मुलगा-मुलगी फ्रेशर म्हणून जात असेल तर नियुक्तीपत्रात नोकरी आहे की प्रशिक्षण, आणि परीक्षेत किती संधी आहेत, हे सही करण्याआधी वाचून घ्या.

गरोदर असाल किंवा प्रसूतीच्या रजेवर असाल तर गोष्ट अगदी वेगळी. त्या रजेच्या काळात काढणं बेकायदाच आहे, पद कुठलंही असो. मेलच्या पहिल्या ओळीत ते लिहा.

बॉण्ड, स्पर्धक कंपनी आणि विमा

नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत वर्षभर जायचं नाही, ही अट भारतात टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्याला बंदी घालणारे करार निरर्थक ठरवतं. नोकरीत असताना मात्र दुसरीकडे काम करू नये ही अट टिकते, आणि गोपनीयतेची नोकरीनंतरही. बॉण्डचं वेगळं आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. तो सरकारी बँकेचा आणि त्या अटींपुरता निकाल होता, तरी एचआरची मंडळी आता तो दाखवतात. कंपनीनेच जायला सांगितलं असेल तर बॉण्डचे पैसे मागायला जागा नाही. पण इथेही 'तुम्हीच राजीनामा दिलात' हे वाक्य येतं.

कंपनीचा आरोग्यविमा बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. घरात आई-वडील त्याच पॉलिसीवर असतील, मधुमेह, रक्तदाब असेल, तर त्या दिवसाच्या आधीच विमा कंपनीला लिहून समूह पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करा, म्हणजे आधीच्या आजारांसाठी पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. शक्य असेल तर वाटाघाटीत शेवटची तारीख महिनाभर पुढे मागा. दोन लाख रुपयांपेक्षा हा एक महिना कधी कधी जास्त मोलाचा ठरतो.

रिलीव्हिंग लेटर अडवून धरलं तर घाबरू नका. पीएफच्या पासबुकातला सेवेचा इतिहास, फॉर्म १६, पगारपावत्या आणि बँकेचा उतारा यांवर पुढच्या बऱ्याच कंपन्या भागवतात. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः ती टाकू शकता.

दाद कुठे मागायची

वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, तिच्यात कामगारांचे आणि मालकाचे प्रतिनिधी सारखेच हवेत. समिती कुठे आहे, सदस्य कोण, हे मेलवर विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर येणार नाही, आणि ते न येणंच तुमच्या फाइलला लावायचा कागद आहे.

त्यानंतर राज्याचं कामगार खातं. पुण्यात वाकडेवाडीतल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तो निकाल देत नाही, दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड घडवायचा प्रयत्न करतो आणि नव्या संहितेत त्याला ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तडजोड झाली नाही तर अहवालापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाता येतं. विवाद उद्भवल्यापासून दोन वर्षं उलटली तर समेटाचा दरवाजा बंद होतो. १९४७ च्या जुन्या कायद्यात बडतर्फीविरुद्ध थेट कामगार न्यायालयात जायला तीन वर्षं होती. काळ कमी झालाय, तेव्हा 'आधी नोकरी मिळू दे, मग बघू' करत बसू नका. दोन्ही बरोबर चालवा.

या कार्यालयांकडून काय अपेक्षा ठेवायची, तेही स्पष्ट सांगते. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका तरुण लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर गदारोळ झाला, तेव्हा कामगार खात्याने तिच्या कंपनीचं कार्यालय तपासलं. २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, हे तेव्हा समोर आलं. सतरा वर्षं कोणी दारात जाऊन विचारलं नाही. नोंदणीच विचारली जात नाही, तिथे कामाचे तास कोण मोजणार? आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास नऊवरून दहा करायला मान्यता दिली. नव्या वेतन संहितेत तर निरीक्षकाने पहिल्या चुकीला खटला भरण्याआधी मालकाला सुधारायची संधी द्यायची आहे. नोकरी गेलेल्या माणसाला अशी संधी कुठल्या कलमात आहे ते मला अजून सापडलेलं नाही. खातं आपणहून येईल या आशेवर कोणी राहू नये. तिथे मनुष्यबळ कमी आहे, पण अर्ज गेला की नोटीस निघते, आणि सरकारी शिक्क्याची नोटीस कंपनीच्या विधी विभागाच्या टेबलावर पडली की जी माणसं फोन उचलत नव्हती ती फोन करतात.

माझी एक मागणी आहे आणि ती मी भेटेल त्या लोकप्रतिनिधीला सांगते. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याचं कारण आज मालक भरतो. ते कारण कर्मचाऱ्याच्या फोनवर ओटीपी पाठवून त्याच्याकडून पक्कं करून घ्या, आणि 'मला राजीनामा द्यायला सांगितलं' असा एक पर्याय ठेवा. याला नवा कायदा लागत नाही. एका तिमाहीत कळेल की राज्यात खरी कपात किती आहे. ही मागणी तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असं मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. आकडा बाहेर यायला नको आहे, एवढंच त्यातून मला दिसतं.

तोवर एकत्र जा. एकट्याचा अर्ज कंपनी 'परफॉर्मन्स'वर ढकलते. एकाच प्रोजेक्टच्या अकरा जणांनी, एकाच आठवड्यात, सारख्या मजकुराचे मेल दाखवून अर्ज केले तर अकरा जणांचा परफॉर्मन्स एकाच मंगळवारी कसा घसरला हे कंपनीला सांगावं लागतं. अर्ज मराठीत चालतो, प्रत्येकाने स्वतंत्र करावा आणि सोबत नियुक्तीपत्र, शेवटची पगारपावती, तो पहिला मेल आणि वर मांडला तसा हिशेब जोडावा. दोन प्रती न्या. एक तिथे द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या, आणि शिक्का न घेता खिडकीवरून हलू नका.